यायलाच नको होती ती रेघ

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशीतली प्रोटीन्स वजनाप्रमाणे रेघांत दाखवणारी चाचणी. ब्लॉट डेव्हलप झाला आणि मी जवळजवळ ओरडलेच. १७ आणि १९ किलोडाल्टनला दोन कडक रेघा, मागे एक डाग नाही. कापला गेलेला कॅस्पेज-३, म्हणजे पेशी स्वतःला संपवताना कामाला लागणारी कात्री! वेस्टर्न ज्यांनी केलं नाही त्यांना हा आनंद कळायचा नाही. जेल फाटतं, मेम्ब्रेनखाली बुडबुडा राहतो, महागडी अँटिबॉडी ऐन वेळी दगा देते. असा स्वच्छ ब्लॉट निघाला की पेढे वाटावेसे वाटतात. आमच्या पेपरच्या रिव्ह्यूअरने नेमका हाच पुरावा मागितला होता. फोटो सरांना पाठवला, सरांचा अंगठा आला.

रात्री जेवताना घास हातातच राहिला. आमच्या पेशी एमसीएफ-७, स्तनाच्या कर्करोगाच्या. त्यांच्यात कॅस्पेज-३ नसतोच! त्याच्या जीनमधली ४७ अक्षरं गळालेली आहेत, हे १९९८ सालीच छापून आलंय. रिव्ह्यूअरला ठाऊक नसेल, सरांना आठवलं नसेल. पण थिसिसच्या पहिल्या चॅप्टरमध्ये हे वाक्य मीच लिहिलंय.

मधल्या काळात आम्ही पेशी मेल्याची खूण म्हणून फक्त पार्प हे प्रोटीन तुटतंय का ते बघत होतो. ते एमसीएफ-७ मध्येही तुटतं, कारण तिथे कॅस्पेज-७ ते काम करतो. त्यामुळे त्याच्या तुकड्याची, ८९ किलोडाल्टनची रेघ दर वेळी इमानदारीत यायची आणि कुणाला शंका यायची नाही.

माझा प्रश्न पी५३ चा होता. एरवी हे प्रोटीन पेशीत फार टिकत नाही, एमडीएम२ हे दुसरं प्रोटीन त्याला कचऱ्यात काढतं. डीएनए तुटला की ते साठतं आणि पुढे दोन वाटा फुटतात. पी२१ ला उठवायचं, म्हणजे विभाजन थांबतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. नाहीतर प्यूमा, बॅक्स यांना उठवायचं आणि पेशी संपवायची. ब्रेक दाबणारं तेच, फाशीचा हुकूम काढणारंही तेच. डॉक्सोरुबिसिन या डीएनए तोडणाऱ्या कर्करोगावरच्या औषधाच्या कोणत्या डोसला थांबण्याचं मरण होतं, हे मी दोन वर्षं मोजत होते.

दुसऱ्या दिवशी मायनस ऐंशीच्या फ्रीझरमधून सुरुवातीची सॅम्पल्स काढली. एकाच जेलवर जुनी, नवी आणि शेजारच्या लॅबमधल्या हेला पेशींची. जुन्यात औषधानंतर पी५३ आणि पी२१ दोन्ही वर आलेले. नव्यात जवळपास काही नाही, हुबेहूब हेलासारखं. हेला म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी. त्यांच्यातल्या एचपीव्ही-१८ या विषाणूचं ई६ प्रोटीन पी५३ चा फडशा पाडून घेतं. म्हणजे जिथे न्यायाधीशच पळवलेला, तिथे मी निकाल मोजत बसले होते. एसटीआरचा, म्हणजे पेशी कुणाच्या हे डीएनएवरून ओळखणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आला, त्यातही हेलाच.

मधे एकदा इनक्युबेटरमध्ये फंगस झाला, तेव्हा दुसऱ्या एका लॅबमधून फ्लास्क उसना आणला होता. वाटीभर साखर आणावी तसा. त्यांचीच चूक की आमच्या हूडमध्ये मीडियाची, म्हणजे पेशींच्या खाद्याची, एकच बाटली दोन प्रकारच्या पेशींना वापरली गेली, ते आता कळणार नाही. एसटीआर तेव्हाच करू म्हटलं, तर फाइल 'आवश्यकता काय?' असा शेरा घेऊन परत आली. त्याच महिन्यात नवीन प्रिंटर आला. आता पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून रीतसर मागवल्यात. पेपर मागे घेतला.

फ्लास्कमध्ये ब्लीच मीच ओतलं. ज्युनिअर शेजारी उभी होती, काही बोलली नाही. आठ महिन्यांपूर्वी तिने विचारलं होतं, "ताई, एमसीएफ इतक्या लवकर भरतात का हो? आणि बेटांसारख्या पण दिसत नाहीत." मी मायक्रोस्कोपकडे न बघताच म्हणाले होते, "तुझ्या हाताला गुण आहे गं."

काल तिची लॅब बुक चाळली. त्या तारखेला लिहिलंय: 'दोन दिवसांत फुल?? ताईंना विचारलं.' खाली तपासल्याची माझी सही आहे.