रात्रीची गाडी: झोप तिकीट काढतानाच ठरते

रात्रीच्या गाडीत झोप लागली नाही की लोक गादीला, घोरणाऱ्या शेजाऱ्याला आणि शेवटी रेल्वेला नावं ठेवतात. पण निम्मी झोप त्याआधीच, तिकीट काढताना गेलेली असते. दाराजवळचा बर्थ, चुकलेली तारीख, नाहीतर पहाटे साडेतीनला उतरवणारी गाडी. डब्यात चढल्यावर यातलं काहीच बदलता येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आठाचा पाढा येत असेल तर स्लीपर आणि थ्री टायर एसीचा नकाशा तुम्हाला आलाच. एका कप्प्यात आठ बर्थ. नंबरातून आठाच्या पाढ्यातली त्याच्याएवढी किंवा त्याच्या लगेच खालची संख्या वजा करा: 1 आणि 4 उरले तर लोअर, 2 आणि 5 मिडल, 3 आणि 6 अप्पर, 7 साइड लोअर, काहीच उरलं नाही तर साइड अप्पर. 43 नंबर आला? आठ पंचे चाळीस, उरले तीन, म्हणजे अप्पर. 63 म्हणजे आठ साते छप्पन, उरले सात, साइड लोअर. टू टायर एसीत मधला बर्थ नसतो, म्हणून तिथे सहाचा पाढा: 1 आणि 3 लोअर, 2 आणि 4 अप्पर, 5 साइड लोअर, शून्य उरलं तर साइड अप्पर.

लोअर की अप्पर यापेक्षा बर्थ डब्यात कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. जुन्या आयसीएफ स्लीपर डब्यात 72 बर्थ असतात, नव्या एलएचबीत 80. दोन्हीकडे पहिला आणि शेवटचा कप्पा संडासाला लागून. रात्रभर दाराची उघडझाप, बेसिनवर कोणीतरी घसा साफ करतंय, मोठा दिवा पेटलेला, वास येतो तो वेगळाच. शिवाय चाकांच्या ट्रॉल्या डब्याच्या दोन टोकांखाली असतात, त्यामुळे सांध्यांचा खडखडाटही तिथेच जास्त. 25 ते 48 मधला कुठलाही नंबर आला तर नशीब समजा. तिकीट काढताना डबा निवडता येतो, बर्थचा नेमका नंबर नाही. लोअर मिळाला तरच तिकीट काढा, असा पर्याय मात्र आयआरसीटीसीवर असतो. आईवडिलांसाठी काढताना तो विसरू नका.

ज्येष्ठांच्या बाबतीत नेहमी होणारी चूक म्हणजे सगळ्या कुटुंबाचं तिकीट एकाच पीएनआरवर काढणं. लोअर बर्थचा वेगळा कोटा साठीच्या पुढच्या पुरुषांसाठी आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांसाठी आहे, पण तो एकट्याने किंवा दोघांनीच प्रवास करणाऱ्यांना. आजी-आजोबांसोबत दोन नातवंडं जोडली की तिकीट साध्या कोट्यातून निघतं, आणि आजोबांना मिडल बर्थ येऊ शकतो. दोघांचं वेगळं काढलं तर कदाचित डबे वेगळे पडतील. माझं मत विचाराल तर वेगळे डबे परवडले, गुडघे धरून शिडी चढणं परवडत नाही. ऑटो अपग्रेडच्या खुणेचंही तसंच. वरचा वर्ग फुकट मिळतो हे खरं, पण हातातला लोअर जाऊन अप्पर येऊ शकतो. ज्यांना लोअरच हवा, त्यांनी ती खूण काढून टाकावी.

साइड लोअर हा लोअर आहे असं फक्त रेल्वे मानते. दोन खुर्च्यांच्या पाठी पाडून तो तयार होतो आणि जोड नेमका कमरेखाली येतो. काही नव्या डब्यांत खिडकीच्या बाजूला एक वेगळी सपाट गादी उभी करून ठेवलेली असते, ती ओढून वर पसरायची. कित्येक जण रात्रभर जोडावर झोपतात आणि सकाळी ती गादी त्यांना दिसते. ती नसेल तर एक चादर चार पदरी घडी करून त्या खाचेत भरा. आणि तिकीट आरएसी असेल तर हाच बर्थ दोघांत, म्हणजे बसून रात्र.

आता तारीख. सुशिक्षित माणसंही हमखास गंडतात ती इथे. रात्री 12 वाजून 10 मिनिटांनी सुटणारी 16 तारखेची गाडी म्हणजे 15 तारखेला जेवण आटोपून घरातून निघायचं. सोळाला रात्री बॅग घेऊन स्टेशनवर गेलात तर तुमची गाडी जवळजवळ चोवीस तासांपूर्वी गेलेली असते, आणि पैसे परत मिळत नाहीत. याचा पुढचा पदर आणखी चिवट आहे. कोकणकन्या घ्या. सीएसएमटीहून ती रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला बारा वाजून गेल्यावर पोचते. 15 तारखेच्या गाडीत पनवेलला चढणाऱ्याच्या तिकिटावर तारीख असते 16. पण तत्काळ, म्हणजे एक दिवस आधी उघडणारं आयत्या वेळचं आरक्षण, मोजायचं ते गाडी मूळ स्टेशनावरून सुटण्याच्या तारखेवरून, म्हणजे इथे ते उघडतं 14 तारखेला. पनवेलकर पंधराला सकाळी दहाला लॉगिन करून बसतो, तोवर तत्काळ संपून एक दिवस झालेला असतो. आगाऊ आरक्षणालाही हाच हिशोब. ते नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं, सकाळी आठला. गणपतीच्या गाड्यांसाठी कॅलेंडरवर खूण करताना मूळ स्टेशनाची तारीख धरा.

तत्काळ एसीसाठी सकाळी दहाला, स्लीपरसाठी अकराला. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. ते आदल्या दिवशी जोडून ठेवा, दहाला पाच कमी असताना ओटीपीची वाट बघण्यात अर्थ नाही. प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये आधीच भरलेली असावीत. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर काही परत मिळत नाही, एवढं लक्षात ठेवून बटण दाबा.

वेटिंगचा आकडा बघून लोक अंदाज बांधतात, पण त्याआधीची अक्षरं वाचत नाहीत. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे गाडी सुटते तिथली साधी रांग, हलतं, कारण गाडीचा मोठा कोटा त्याच रांगेचा असतो. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे मधल्या स्टेशनांच्या चिमूटभर कोट्याच्या रांगा. तिथे 6 नंबरही अडकून बसतो, जीएनडब्ल्यूएलचा 40 मात्र निघून जातो. अशा वेळी गाडी जिथून सुटते तिथून तिकीट काढून बोर्डिंग आपल्या स्टेशनवर ठेवलं, तर थोडे पैसे जास्त जातात पण रांग बदलते. बोर्डिंग न बदलता मधे चढायचं धाडस करू नका. टीसीने गैरहजर लावलं की बर्थ आरएसीवाल्याला जातो, आणि त्याच्याशी भांडून उपयोग नसतो. चार्ट आता चार तास नव्हे, आठ-दहा तास आधी लागतो. रात्रीच्या गाडीची कटकट त्यामुळे जरा कमी झाली आहे, दुपारीच कळतं की एसटीची चौकशी करायची का. वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. ते दाखवून डब्यात चढलात तर विनातिकीट.

डब्यात शिरल्यावर पहिला वाद मिडल बर्थचा. नियम साधा आहे: रात्री दहा ते सकाळी सहा झोपायची वेळ. दहाच्या आधी मिडलवाल्याने बर्थ उघडून खालच्यांच्या माना वाकवायच्या नाहीत, दहानंतर खालच्याने पत्त्यांचा डाव आहे म्हणून अडवायचं नाही. मिडल बर्थ उचलल्यावर दोन्ही कड्या नीट बसल्यात का हे डोळ्यांनी न बघता हाताने बघा. तळव्याने दोन-तीनदा जोरात खाली दाबा. एक कडी अर्धवट अडकलेली असली तरी बर्थ वरून सरळच दिसतो. खाली झोपणाऱ्यानेही ही खात्री करून घ्यावी, पडला तर त्याच्याच अंगावर.

मोबाइल अकराच्या आत चार्ज करून घ्या. आग लागू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात. सॉकेट बिघडलाय समजून लोक पिना हलवत बसतात. खिडकीतल्या सॉकेटला फोन लावून झोपू नये, हे स्लीपरमध्ये तर नक्कीच. मोठ्या स्टेशनच्या आधी गाडी आउटरला रेंगाळते, तेव्हा उघड्या खिडकीतून फोन आणि मंगळसूत्रं ओढली जातात. रात्री लोखंडी शटर खाली ओढा आणि दोन्ही बाजूंचे खटके बसवा. ते खडखडत असेल तर फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबली की गप्प बसतं.

सामानासाठी साखळी पाच फुटी घ्यावी, तीन फुटी कडीपर्यंत पोचत नाही. लोअरच्या खाली लोखंडी कड्या असतात, त्यातून साखळी नेऊन बॅगेच्या मुख्य पट्ट्यातून काढायची. चेनच्या दोऱ्यातून नको, ती एका हिसक्यात तुटते. चाकांची बॅग आडवी पाडून ठेवा. एलएचबी डब्यांना मधल्या कपलरमुळे निघताना आणि थांबताना धक्के बसतात, उभी बॅग निम्म्या रात्री डब्याच्या पलीकडे जाते. पैसे आणि औषधं असलेली छोटी पिशवी उशीखाली, तीही खिडकीकडच्या बाजूला. चपला बर्थखाली भिंतीकडे सरकवा. चोरीला जात नाहीत सहसा, पण पहाटे संडासला निघालेला कोणीतरी घालून जातो आणि भलत्याच कप्प्यात सोडतो.

एसीत मिळणाऱ्या पिशवीत दोन चादरी आणि छोटा टॉवेल असतो, उशी आणि कांबळं वेगळं. चादरी दरवेळी धुतात, कांबळं तसं नाही; महिन्यातून किमान एकदा, असं रेल्वेच सांगते. म्हणून एक चादर खाली आणि दुसरी अंग आणि कांबळं यांच्या मधे. दोन्ही खाली घालणारे लोक मला कळलेले नाहीत. अप्परवर वाऱ्याचा झोत थेट डोक्यावर येतो, कानटोपी न्या आणि थट्टा सहन करा.

जेवणाचं फार लिहीत नाही. माणशी चार दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, दोन लिटर पाणी. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, पोळ्यांचा चामडा होतो. रस्सा आणि दही घरीच ठेवा. लिटरभर रेल नीरची किंमत सप्टेंबर 2025 पासून 14 रुपये आहे. वीस मागितले तर बाटलीवरची किंमत मोठ्याने वाचायची, बहुतेकदा तेवढं पुरतं.

संडासला पहाटे पाचच्या आत जाऊन या. साडेसहानंतर रांग असते आणि टाकीतलं पाणी संपलेलं असू शकतं. डब्याखाली आता जैविक टाकी असते. तिच्यात बाटली किंवा डायपर गेला की भांडं तुंबतं, आणि पुढच्या स्टेशनपर्यंत त्याचं कोणीच काही करू शकत नाही. पाणी नाही, दिवे नाहीत, बर्थवर दुसराच कोणी बसलाय, अशा वेळी 139 वर फोन किंवा रेल मदद ॲप. तक्रारीत डबा, बर्थ आणि पुढचं मोठं स्टेशन लिहा. नुसतं ‘फार घाण आहे’ लिहिलं तर पाणी कुठे भरायचं हे त्यांना कसं कळणार? एसी बंद पडला तर टीसीकडून लेखी प्रमाणपत्र घ्या, त्याशिवाय फरकाचे पैसे मिळत नाहीत. आणि गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल, तर न चढता, गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरला की पूर्ण पैसे परत, तत्काळचेसुद्धा.

राहिलं उतरणं. घड्याळाचा गजर इथे बिनकामाचा, गाडी दोन तास मागे असेल तर तुम्ही दोन तास फुकट जागे. 139 वर पीएनआर देऊन स्टेशनचा अलर्ट लावता येतो. व्हेअर इज माय ट्रेनसारखं ॲप मोबाइल टॉवरवरून ठिकाण ओळखतं, त्याला इंटरनेट लागत नाही, पण टॉवर तरी लागतोच. कोकण रेल्वेवर बोगद्यांमागून बोगदे, तिथे ॲपमधली गाडी एकाच जागी थिजून बसते. पावसाळ्यात त्या मार्गावर वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रकच वेगळं असतं; 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर होतं. उन्हाळ्यातल्या वेळेवर गजर लावाल तर फसाल. कणकवली-कुडाळसारख्या ठिकाणी गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात साखळीचं कुलूप उघडत बसायला वेळ नसतो, ते आधीच्या स्टेशनलाच काढून ठेवा. रत्नागिरीला उतरणाऱ्यांना मात्र गजराची गरजच नाही. मुंबईहून येताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, आवाज एकदम बदलतो आणि बराच वेळ बदललेलाच राहतो. त्यातून बाहेर आलं की भोके, मग रत्नागिरी. उठून भिंतीकडे सरकवलेल्या चपला शोधायला तेवढा वेळ पुरतो.