कोळसाचा चावा आणि त्यानंतरचे बारा आठवडे

चाव्याची रात्र

या वेळच्या नोंदींची सुरुवात चाव्यापासूनच करावी लागतेय. कोळसा हा माझा पाळीव बॉल पायथन, म्हणजे बिनविषारी अजगर. नर, वय सहा वर्षं, वजन १,३५० ग्रॅम. इतक्या वर्षांत त्याने माझ्यावर एकदाही झेप घेतली नव्हती. परवा रात्री घेतली, आणि त्यात चूक पूर्णपणे माझी होती.

गोठवलेला उंदीर वितळवून, गरम पाण्यात धरून कोमट केला आणि लांब चिमट्याने पुढे धरला. कोळसाने जिभेने वास घेतला, मान मागे ओढून वळवली, पण भक्ष्य काही घेतलं नाही. दहा मिनिटं थांबून मी उंदीर बाहेर काढला. मग पाण्याचं भांडं तिरकं झालेलं दिसलं म्हणून सरळ हात आत घातला. पेटीत उंदराचा वास कोंदलेला होता. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, आणि त्या क्षणी त्या पेटीत सगळ्यात गरम गोष्ट होती माझा तळहात. अंगठ्याखालचा मांसल भाग त्याच्या तोंडात, आणि मला कळायच्या आत मनगटाभोवती दोन वेढे.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. घाबरलेला साप चावतो तेव्हा झडप मारतो आणि लगेच सोडतो. टाचणीने ओरखडे ओढावेत तशा बारीक खुणा राहतात. भक्ष्य समजून चावलेला साप मात्र धरून ठेवतो आणि आवळतो. हाताने धडपड केली की भक्ष्य अजून जिवंत आहे असं समजून पकड आणखी घट्ट करतो. पायथनच्या वरच्या जबड्यात दातांच्या चार ओळी असतात, खाली दोन, आणि सगळे दात घशाकडे वळलेले. हात हिसकावला तर आपली कातडी फाटते आणि त्याचे दात मोडतात. हात मागे खेचायची ऊर्मी आवरणं हेच त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम होतं.

दादाला हाक मारली. त्याने शेपटीच्या टोकाकडून एकेक वेढा सोडवत आणला. डोक्याकडून सुरुवात केली असती तर जोर वाया गेला असता. मी बाथरूमच्या नळाखाली कोळसाच्या तोंडावर गार पाणी सोडलं. अर्ध्या मिनिटात जबडा सैल झाला. मग डोकं आधी किंचित पुढे, म्हणजे चाव्याच्याच दिशेने ढकललं, तेव्हा दात मोकळे झाले. तोंडापाशी सॅनिटायझरचा थेंब लावायचा उपाय पुष्कळ जण सांगतात. तो लागू पडतो, पण त्याने सापाच्या तोंडाची आग होते. गार पाण्याने भागलं नाही तरच मी तिकडे वळेन.

आधी कोळसाला पेटीत ठेवून झाकण लावलं, मग जखम पाहिली. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं हात धुतला, स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवलं, अँटिसेप्टिक लावलं. भिंगाखाली एक दात रुतलेला सापडला, काचेच्या बारीक कुसळासारखा. तो चिमटीने काढला. राहिला असता तर तिथे पू होऊ शकला असता. धनुर्वाताची शेवटची लस सात वर्षांपूर्वीची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा घेतली. लाली पसरणं, जखम गरम लागणं, ठणका वाढणं, ताप येणं यांपैकी काही दिसलं असतं तर थांबले नसते. चावा चेहऱ्यावर, डोळ्यापाशी किंवा सांध्यावर असेल तर घरी बघत बसूच नये.

आठवडा १

कोळसाला हात लावला नाही. तोंड नीट मिटतंय, लाळ गळत नाही, हिरड्या सुजलेल्या नाहीत, एवढं काचेतून पाहिलं. त्याचे पडलेले दात पुन्हा येतील. माझ्या हातावर अर्धवर्तुळात टिकल्या उमटल्यात, खाज सुटते. घरी एकीने विचारलं, आता तो डूख धरेल का? साप डूख धरत नाही. पण पेटी उघडली की काय होतं हे मात्र तो शिकतो, आणि माझी अडचण तीच निघाली.

आठवडा २

जुन्या नोंदी चाळल्या. गेल्या आठ महिन्यांत पेटी ३१ वेळा उघडली, त्यातल्या २२ वेळा खाणं द्यायला. पहिल्या वर्षी मी त्याला आठवड्यातून दोनदा हातात घेत असे. पुढे तो शांतच आहे म्हणून ते सुटत गेलं. म्हणजे झाकण सरकलं की उंदीर येतो, हे मीच त्याला शिकवलं होतं.

आठवडा ३

हुकने, म्हणजे साप उचलायच्या वाकड्या टोकाच्या दांड्याने, सुरुवात. पेटी उघडायची, हुकच्या बोथट बाजूने अंगाच्या मध्यावर हलकेच दोनदा स्पर्श करायचा. याचा अर्थ एकच, आज खाणं नाही. पहिल्या दिवशी त्याने झटकन मान वळवली. चौथ्या दिवशी जीभ संथ हलू लागली, मानेचा ताण उतरला. तेव्हा बिनवासाच्या साबणाने धुतलेले हात बाजूने आत नेऊन, दोन ठिकाणी आधार देऊन उचललं. वरून हात नेत नाही, कारण वरून झडप घालतो तो शिकारी पक्षी. दहा मिनिटं पुरे.

आठवडा ५

डोळे निळसर. कात येतेय. या दिवसांत दिसतं कमी, चिडचिड जास्त. सुट्टी.

आठवडा ६

कात एकसंध निघाली, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट.

एका परिचिताने मागच्या दाताचा (विषदंत जबड्यात मागे असलेला), ‘सौम्य विषाचा’ साप घेशील का विचारलं. नाही म्हणाले. १९५७ साली सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांना बूमस्लँग या मागच्या दाताच्या आफ्रिकी सापाचं लहान पिल्लू चावलं. त्यांनी आपली लक्षणं लिहून ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी ते गेले. १९७५ साली रॉबर्ट मेर्टेन्स यांचा मृत्यू त्यांनी स्वतः पाळलेल्या ट्विग स्नेकच्या, अशाच मागच्या दाताच्या सापाच्या, दंशाने झाला. दोघंही आयुष्यभर सापांचा अभ्यास केलेले. मागच्या दाताचे सगळेच साप असे नसतात, हे खरं. पण माझ्या पेट्यांत बिनविषारी सापच राहतील. आणि साप नक्की कोणता हे ओळखता येत नसेल, तर वरची गार पाण्याची कथा विसरा. धावपळ न करता, चावलेला अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठा. कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही नको.

आठवडा ८

एक पाऊल मागे. हुक लागताच तो फुसकारला आणि हुकवर झेपावला. कारण शोधताना कळलं की त्याच खोलीत तासाभरापूर्वी मी माझ्या दुसऱ्या सापासाठी, कॉर्न स्नेकसाठी, उंदीर वितळवला होता. वास हवेत होताच. आता ज्या दिवशी घरात कुणाचंही खाणं असेल, त्या दिवशी कुठलाच साप बाहेर निघत नाही.

आठवडा ९

नव्या रीतीने पहिलं खाणं. हुकचा स्पर्श नाही, ४५ सेंटिमीटरचा चिमटा, भांडं आधीच सरळ केलेलं. त्याने लगेच घेतलं. नंतर ४८ तास त्याला अजिबात हलवलं नाही, कारण भरल्या पोटी उचललं तर ओकण्याची भीती. पेटीतलं भांडं स्वयंपाकघरात धुवायचं नाही हा जुना नियम दादालाही पुन्हा सांगितला. निरोगी सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून हाताळण्याआधी हात धुतो तसे नंतरही धुवायचे. पाच वर्षांखालची मुलं आमच्याकडे आली की पेट्यांना कुलूप.

आठवडा १२

आतापर्यंत हुकने स्पर्श करून १९ वेळा बाहेर काढला. झेप ती एकच, आठव्या आठवड्यातली. आज वजन १,३६५ ग्रॅम. तराजूवर ठेवला तेव्हा घाबरून अंगाचा गोळा केला नाही, सरळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. अंगठ्याखालच्या टिकल्या पुसट झाल्यात. पुढचं खाणं रविवारी, चिमटा आतापासूनच पेटीशेजारी टांगून ठेवलाय.