सातची भूक आणि नऊचा पश्चात्ताप : माझा अनुभव

खाणं सुधारायला घेतलं की सगळ्यात जास्त घसरण होते ती संध्याकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान. ठाण्यात ही वेळ फारच अवघड. फास्ट लोकलमधून पश्चिमेला उतरलं की समोर कुंजविहारचा जंबो वडा, पुढे गोखले रोड आणि राम मारुती रोडवर पाणीपुरी, सँडविच, मिठाई. आणि घरी कुकर लागायला अजून तासभर. म्हणून मी मनोनिग्रहाच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी वेळा मांडल्या. डबा दीडला, जेवण नऊला. मधल्या साडेसात तासांत दोन साखरेचे चहा नि चार मारी बिस्किटं. अशा दिवशी वड्याचा वास आला की पाय थांबणारच. यातली निम्मी ओढ साधी भूक असते, आणि ती दुपारच्या डब्यातच मिटवावी लागते.

तीन पोळ्या आणि बटाट्याची किंवा दुधीची भाजी हा ठरलेला डबा. त्यात प्रथिनं कमी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम असते. त्यातून चारेक ग्रॅम मिळतात. त्याच वाटीत मटकीची उसळ असेल, कोरडी मटकी ४० ग्रॅम धरून, तर नऊच्या आसपास. मी पोळ्या दोन केल्या आणि उसळ किंवा घट्ट डाळ एक वाटी, भाजी, काकडी, छोट्या डबीत दही अशी मांडणी ठेवली. मटकी शनिवारी एकदम भिजवायची, आठ तासांनी उपसून फडक्यात बांधायची. आपल्या दमट हवेत रात्रभरात मोड येतात. फडकं फार ओलं राहिलं तर आंबूस वास येतो, म्हणून घट्ट पिळून घ्यायचं. मोड आले की फ्रीजमध्ये तीन दिवस निभावतं.

दुसरी गोष्ट पाचचं खाणं. सालासकट फुटाणे एक मोठी मूठ, साधारण ३० ग्रॅम, आणि एक पेरू किंवा केळं. नाहीतर दोन उकडलेली अंडी, म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं. शेंगदाणेही चालतात, पण मोजून. ३० ग्रॅमला १७० उष्मांक होतात आणि हात पिशवीतच राहतो. हे खाणं गाडी पकडायच्या आधीच उरकायचं. संध्याकाळच्या गर्दीत डबी उघडायला हात कुठला मोकळा! बिस्किटं इथे कामाची नाहीत. मैदा आणि साखर तासाभरात पुन्हा पोट रिकामं करतात. ‘डाएट चिवडा’ विकत घेताना पाकिटावरचा आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, ते बघावं. ‘शुगर फ्री’ बर्फीत साखर नसली तरी खवा आणि तूप असतंच. गुळाबद्दल वाद होतील, पण शरीराच्या लेखी तो बराचसा साखरच.

एवढं करूनही ओढ उरते. तेव्हा मी स्वतःला एकच विचारते : आत्ता समोर साधा वरणभात आला तर खाईन का? ‘हो’ असेल तर भूक आहे, जेवावं. ‘नाही, फरसाणच हवं’ असेल तर वीस मिनिटं थांबावं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मारलॅट यांनी व्यसनमुक्तीसाठी ‘अर्ज सर्फिंग’ (urge surfing, ओढीच्या लाटेवर तरंगणं) ही रीत मांडली. ओढीशी भांडायचं नाही. ती घशात, पोटात, हातात कुठे जाणवते ते फक्त बघत राहायचं. ती चढते आणि बहुतेक वेळा आपोआप उतरते. तेवढ्या वेळात चालायला जायचं तर तलावपाळीला मात्र नको, तिथे खाण्याच्या गाड्या जागोजागी उभ्या. सोसायटीतच फेऱ्या माराव्या किंवा ओट्यावरची भांडी घासावी. ओल्या हातांनी पाकीट फोडता येत नाही. झोप कमी झालेल्या दिवशी आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात ओढ जास्त असते, हे आधीच धरून चालावं.

वीस मिनिटांनंतरही हवंच असेल तर खायचं. एक वडापाव, बसून, मोबाइल बाजूला ठेवून. फरसाण वाटीत काढून, पाकीट कपाटात परत ठेवून. मामलेदारची मिसळ खायची तर तेच जेवण समजायचं, जेवणाआधीचा खाऊ नव्हे.

खरी गडबड यानंतर होते. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम. पोट भरलेलं असूनही त्यांनी मिल्कशेक न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. लगाम न ठेवणाऱ्यांनी कमी. एकदा नियम मोडला की ‘आता गेलंच आहे सगळं’ म्हणून हात सुटतो. त्यावरचा नेहमीचा उपाय तर आणखी वाईट : रात्रीचं जेवण टाळायचं, दुसऱ्या दिवशी कडक उपास. मग दुसऱ्या संध्याकाळी सातला भूक दुप्पट. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये संशोधक अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज दुसरं काही राहिलं नाही. काही जण पाककृती गोळा करू लागले. रविवारच्या ‘चीट डे’वर माझा आक्षेप याचसाठी आहे, सहा दिवस उपाशी राहून सातव्या दिवशी माप राहत नाही. वडापाव झाला तरी रात्री जेवायचं : एक भाकरी, भाजी, ताक, रोजच्याच वेळी.

आणि दुसऱ्या सकाळी वजनकाट्यावर चढायचं नाही. तिखट-मिठाचं खाल्ल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. काटा किलोभर वर दिसतो. चरबी किलोभर वाढायला सुमारे ७,७०० उष्मांक जास्तीचे लागतात, तेवढे एका मिसळीत नसतात. आठवड्यातून एकदा, बुधवारी सकाळी वजन करावं. सोमवारी रविवारचं पाणी दिसतं.

संकष्टीची साबुदाण्याची खिचडी याच चक्राची मोठी साथीदार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दुपारी चारलाच डोळे दुधाच्या चहाकडे लागतात. त्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही घेतलं तर चंद्रोदयापर्यंत तग धरता येतो. आग्रहाचं काय करायचं? “काकू, आत्ताच जेवून आलेय, डब्यात द्या, घरी सगळे मिळून खाऊ,” एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. मावशा मात्र डबाही देतात आणि ताटही वाढतात. तिथे अर्धा लाडू घ्यावा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावं, साखर एकदम उतरू शकते. लपून भराभर खाणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं असं होत असेल तर डब्याच्या मांडणीने ते सुटत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.