सहा कप्पे मोडले, सातवा राहिला

फेब्रुवारीचा शेवट होता, आमच्या काटोलकडे आंबिया बहार जोरात, वावरात पाय ठेवला की संत्र्याच्या फुलाचा वास डोक्यातच जातो. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांच्या, अकरा पेट्या धुऱ्यावर मांडलेल्या. दर सात दिवसांनी एक फेरी मारायची हा नियम मीच सगळ्यांना सांगत फिरतो, कारण अंडं घातल्यापासून आठव्या दिवसाच्या आसपास राणीचा कप्पा, म्हणजे नवीन राणी वाढते तो, बंद होते आणि कप्पा बंद झाला की जुनी राणी अर्धं घर घेऊन निघायच्या तयारीत. पण मावसभावाचं लग्न निघालं, हळद, वरात, मांडव करता करता अकरा दिवस गेले.

चार नंबरची पेटी सगळ्यात जोरदार होती. उघडली तर फ्रेमच्या खालच्या काठाला भुईमुगाच्या शेंगेसारखे सात कप्पे लोंबत होते, तोंडं बंद. माझं डोकं सटकलं. चिमटा घेतला आणि एकेक मोडत सुटलो, एक, दोन, तीन... सहावा मोडला आणि हात थांबला, कारण फ्रेम हलकी वाटली. माश्या कमी होत्या. मग सूर्याकडे पाठ करून फ्रेम तिरपी धरली आणि अंडी शोधली. एकही नाही! लहान अळ्यापण नाही. म्हणजे राणी आधीच गेली होती आणि मी उरलेल्या घराच्या पोरी मारत बसलो होतो. सातवा मोडला असता तर नवीन राणी बनवायला त्या पेटीत काहीच उरलं नसतं, मग कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात, त्यातून नुसते नर निघतात आणि घर संपते. अजूनही आठवलं की पोटात गोळा येते.

तेवढ्यात शेजारच्या वावरातून काकूची हाक, "अरे बापू, तुह्या माश्या आमच्या कडूनिंबावर लटकून रायल्या, पोट्टे गोटे मारतीन न!"

पळत गेलो. हाताच्या उंचीवरच्या फांदीवर नारळाएवढा गोळा. निघताना पोटभर मध घेऊन निघतात, त्यामुळे शांत असतात, तरी मी पोरांना लांब केलं. थोडं पाणी शिंपडलं, पाटी खाली धरली, फांदीला एकच झटका दिला आणि वरून ओला कपडा टाकला. राणी पाटीत आली हे कळलं कारण उरलेल्या माश्या आपोआप खाली उतरायला लागल्या. पाटी सांजेपर्यंत त्याच झाडाच्या सावलीत ठेवली. मग रिकाम्या पेटीत घातल्या, सात नंबरच्या पेटीतली अळ्यावाली एक फ्रेम मधोमध लावली कारण सातेरीला घर नाही आवडलं तर ती सरळ निघून जाते, पोरं सांभाळायला दिली की टिकते. दारावर राणीजाळी तीन दिवस, तिच्यातून कामकरी माश्या जातात, राणी नाही.

आता खरी चूक. कप्पे मोडणं हा इलाजच नव्हता. बहार सुरू झाला तेव्हाच चार नंबरवर मधकोठी, म्हणजे मध साठवायची वरची कोठी, चढवायला पाहिजे होती, मी म्हटलं अजून थंडी आहे, थांबू. तेवढ्यात माश्यांनी खालच्या कोठीत रस भरून टाकला, राणीला अंडी घालायला जागा उरली नाही, गर्दी झाली. माश्या फुटण्याचं कारण तसंच ठेवून कप्पे मोडत बसलं तर त्या पुन्हा नवीन बांधतात, हे मला माहीत होतं हो, पण माहीत असणं वेगळं न. दुसऱ्या दिवशी बाकीच्या दहाही पेट्या उघडल्या. दोनमध्ये कप्प्यांची तोंडं अजून उघडी होती, त्यांच्यातल्या जुन्या राण्या दोन फ्रेम घेऊन वेगळ्या पेटीत घातल्या, म्हणजे आपणच घर फोडलं, त्यांच्या आधी. बाकीच्यांना मधकोठ्या चढवल्या.

चार नंबरला मात्र हातच लावला नाही. जीव खालीवर होत होता, रोज दारात बसून पाहायचो. चोविसाव्या दिवशी उघडली तर पोळ्याच्या घराघरात बारीक पांढरी अंडी, एकात एकच, म्हणजे नवीन राणीच घालत होती.

काकूचा हिशोब अजून चालू आहे. म्हणते झाड आमचं होतं, त्या पेटीचा अर्धा मध आमचा. एक बाटली दिली, दुसरी मागून रायली.