सुटकेस नाही जी आमच्यापाशी

मी नागपुरात कॅन्सर रिसर्चमधल्या पोरापोरींना ट्रेनिंग देते, म्हणजे पेशंटशी बोलायचं कसं, फॉर्म भरून घ्यायचा कसा वगैरे. जुलैत अशीच आठ जणांची बॅच होती, बाहेर धो धो पाऊस, आणि सकाळी दीड तास स्लाइड्स दाखवून मी एकच गोष्ट घोकून घेतली की प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, आपल्या मनाने काही समजावायचं नाही, नाहीतर उत्तरं बिघडतात.

मग वॉर्डात गेलो. पेशंट गडचिरोलीकडचे एक काका, गालाचा कॅन्सर, पोरवयापासून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटा (विदर्भात हे काय वेगळं सांगायचं, पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतोच). तोंड जेमतेम एक बोट उघडतं, नाकात नळी, लाईटचे, म्हणजे रेडिएशनचे, 33 पैकी 19 झालेले. मधे चार दिवस बुडाले, फाईलमध्ये नुसतं 'गैरहजर', पण धानाची रोवणी होती आणि नळीतून पेज घालणारी काकूच रोवणीला गेली म्हटल्यावर काका इथे एकटे राहून करणार काय?

फॉर्म नेहमीचाच, क्यूएलक्यू-सी30, कॅन्सर पेशंटचं रोजचं जगणं कसं चाललंय ते विचारणारा, तीस प्रश्नांचा, जगभर वापरतात. पहिलाच प्रश्न, जड पिशवी किंवा सुटकेस उचलायला त्रास होतो का. काकांनी काकूंकडे बघितलं.

"सुटकेस नाही जी आमच्यापाशी."

फॉर्म वाचणारी बॅचमधली पोरगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी नियमाची पक्की, खूण केली, पुढे चल. तिने 'अजिबात नाही' वर टिक केली. मग तोंडाच्या कॅन्सरवाल्यांचा जोडफॉर्म, त्यात खायला त्रास होतो का? काकांनी मान हलवली, नाही. काकू म्हणाल्या, "नळीनं पेज देतो न मी, त्याईले कायचा तरास?" परत टिक. नळीचा प्रश्न आहे फॉर्मात, पण पार शेवटी. तोवर कागदावर माणूस ठणठणीत, आणि समोर पायजमा घसरू नये म्हणून नाडीवर सुतळी बांधलेली.

सगळं झाल्यावर काकूंनी विचारलं, "हा कागद डॉक्टरसायबाले कधी दाखवता? रातभर ठनकते म्हनून सांगाचं रायते, पन ते दोन मिन्टात जाते."

खरं सांगायचं तर कधीच नाही. तो कपाटात जातो, तिथून एक्सेलमध्ये. आणि गंमत बघा, त्याच सकाळी मी स्लाइड दाखवली होती, 2017 चा न्यूयॉर्कचा अभ्यास, 766 पेशंट, ज्यांनी घरूनही आपला त्रास कळवला आणि वाढला की नर्सला लगेच अलर्ट जायचा त्यांचं मीडियन आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट निदान इतके तरी जगले) 31.2 महिने, बाकीच्यांचं 26. वाचून दाखवताना मला काहीच टोचलं नव्हतं.

दुपारच्या स्लाइड्स राहूनच गेल्या. पोरगी झेरॉक्स काढून आली, दुखण्याच्या प्रश्नाला पेनाने मोठा गोल केला आणि कागद काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो एक्सरेच्या पिशवीत नीट सरकवला. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांनी तो गोल बघितला, दोनाची सात-आठ मिनिटं झाली असतील, दुखण्याचं औषध बदललं, नळीतून देता येईल असं.

सुटकेसच्या त्या टिकचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.