कंटेनरवालाच कंटेनरला नावे का ठेवतो?

"तुमचा धंदाच कंटेनरचा, मग दरडग्रस्तांना कंटेनर द्यायचे म्हटले की तुम्हीच नाक का मुरडता?" हा प्रश्न मला मेहुण्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत सर्वांनी विचारून झाला आहे. २०२१ च्या जुलैत तळीये आणि २०२३ च्या जुलैत इरशाळवाडी दरडीखाली गेली, वाचलेल्यांना कंटेनरमध्ये ठेवले गेले, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात तो नव्याने येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी उरणजवळच्या यार्डांतून जुने कंटेनर घेतो आणि त्यांची साइट ऑफिसे किंवा हौशी मंडळींची फार्महाउसे करून देतो. वीस फुटी कंटेनर रिकामा असताना साधारण सव्वादोन टनांचा असतो. सकाळी ट्रेलरवर चढवला तर संध्याकाळी क्रेनने उतरवून जागेवर बसवता येतो. कोकणातल्या जुलैमध्ये तंबूपेक्षा तो शतपटीने बरा, हे मी कधीही नाकारलेले नाही. मात्र आतली रुंदी जेमतेम पावणेआठ फूट असते आणि उष्णता अडवणारा थर लावला की तीही घटते. खिडकीसाठी पन्हळी पत्रा कापला तर भिंतीची ताकद जाते, म्हणून तिथे लोखंडी चौकट वेल्ड करावी लागते. हे सारे करता येते. पण सारे केले की ज्या स्वस्ताईसाठी कंटेनर घेतला ती उरत नाही.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका दरडग्रस्त वाडीसाठी मी सहा कंटेनर दिले. देणगीदारांना घाई होती आणि "चारच महिन्यांचा प्रश्न आहे" असे सगळेच म्हणत होते, म्हणून छपराखालचा थर वगळायचा सल्ला मीच दिला. पुढच्या जूनमध्ये गळतीची तक्रार आली तेव्हा माणसे तिथेच होती. डागडुजी करता करता अंधार पडला, पावसाने रस्ता बंद झाला आणि मला त्या रात्री तिथेच राहावे लागले. एका घरात देवाची तसबीर पत्र्याला चिकटवलेली दिसली. पोलादात खिळा ठोकता येत नाही, म्हणून घरच्या मुलाने मोडक्या स्पीकरमधले लोहचुंबक काढून त्यावर ती बसवली होती. मला त्या मुलाचे कौतुक वाटले आणि थोडी लाजही वाटली.

रात्री पाऊस वाढला तसे छप्पर असे कडकडू लागले की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येईना. समोरच्या कंटेनरच्या दारात एक आजी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. दार सताड उघडे होते आणि पाणी आत येत होते. मी ओरडून म्हणालो, "आजी, दार लावून घ्या, भिजाल."

"दार लावलं की नुसता पाऊसच ऐकू येतो, दादा. डोंगर ऐकू येत नाही."

मी त्यांना पोलाद किती भार पेलते ते सांगू लागलो आणि ही जागा उताराखाली नाही, हेही सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आजींनी मान डोलावली आणि त्या तिथेच बसून राहिल्या. नंतर पाहिले तर सहापैकी पाच दारे उघडी होती.

तेव्हाचा मी अजूनही माझ्याशी वाद घालतो: थर लावायला दोन आठवडे लागले असते, तोवर ही माणसे शाळेच्या वर्गात दाटीवाटीने राहिली असती, त्याचे काय? त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या ओनागावा इथे वास्तुविशारद शिगेरु बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर कंटेनरची तीन मजल्यांपर्यंतची घरे उभारली. सपाट जमीन अपुरी, म्हणून कंटेनर एकावर एक रचले आणि मधल्या मोकळ्या चौकोनांतून प्रशस्त खोल्या काढल्या. तो फोटो मी गिऱ्हाइकांना अजून दाखवतो. पण ज्यांच्या दाराशी शेळ्या आणि कोंबड्या असतात त्यांना तिसरा मजला काय कामाचा, हे मात्र तेव्हा सांगत नाही. तो फोटो दाखवला की ऑर्डर येते, हेही कबूल करतो.

मागच्या आठवड्यात एका संस्थेने आठ कंटेनरचे दरपत्रक मागवले. छपराखालच्या जाड थराचा खर्च मी त्यात धरला होता. तो वगळून किती होतील, असे त्यांनी विचारले आहे. उत्तर अजून पाठवलेले नाही.