नाव तेच, चित्र तेच, वेबसाइट नवी

आमचा धंदा हळदीचा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या सौद्यातून राजापुरी हळकुंडं घ्यायची, निवडायची, दळायची आणि पुडे भरून विकायचे. वडिलांनी सुरू केलं तेव्हा घाऊक माल जास्त जायचा, पुडे कमी. आता उलट झालंय. शिवाय आईच्या प्रमाणाने केलेली कांदा-लसूण चटणी आली आणि पुण्या-मुंबईत ती हळदीच्या बरोबरीने खपायला लागली. दुकानाच्या नावात मात्र ‘हळद भांडार’ होतं तसंच आहे. पुड्यावर पहिल्यापासून एक चित्र आहे, हरिपूरच्या पेवाचं.

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरच्या मातीत ही पेवं खणलेली असायची. वर तोंड अरुंद, खाली पोट ऐसपैस. हळद आत ओतून तोंड बंद केलं की हवा लागत नाही, कीड धरत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. २००५च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं, लोकांचा माल गेला आणि तेव्हापासून त्यांचा वापर फार कमी झाला. आमच्या पुड्यावरचं पेव राहिलं.

ऑनलाइन विक्री वाढेना, म्हणून आम्ही पुण्यातल्या एका डिझाइन करणाऱ्या संस्थेचा सल्ला घेतला. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं : पूर्ण रिब्रँडिंग करा. नावातून ‘हळद भांडार’ काढा, पेव कुणाला कळत नाही, नवा लोगो घ्या, पुडे बदला, वेबसाइट त्याबरोबर होईलच. त्यांच्या मुद्द्यात तथ्य होतं. चटणी विकणाऱ्याच्या नावात फक्त हळद असणं अडचणीचं आहेच. धाकट्या भावाला ते पटलं. मी म्हणालो, आधी नाव बदलल्यावर काय काय हलतं ते मांडू.

मांडायला बसलो तेव्हा यादी लांबली. जीएसटी नोंदणीत व्यापारी नाव बदललं की पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, परवान्यात दुरुस्ती. उद्यम ही लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, बँकेचं चालू खातं, वजनमापे विभागाकडची पॅकर म्हणून असलेली नोंद. सगळ्यात मोठा खर्च छपाईचा. आमचे पुडे ग्रॅव्ह्युअर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईचे, तिथे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर आणि प्रत्येक वजनाच्या पुड्याला वेगळा संच. पाच रंग, चार वजनं, म्हणजे नुसत्या हळदीचे वीस सिलिंडर नव्याने करायचे. छापून ठेवलेले रोल रद्दीत. दुकानदारांच्या फळीवर जुना आणि नवा पुडा काही महिने शेजारी शेजारी राहणार, आणि गिऱ्हाईक विचारणार, यातला खरा कुठला?

ट्रेडमार्कचं गणित वेगळंच. ट्रेडमार्क मालाच्या वर्गानुसार नोंदवतात, मसाले तिसाव्या वर्गात येतात. आमच्यासारख्या लहान उद्योगाला एका वर्गाच्या ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये शुल्क, ते परवडतं. पण नोंदलेल्या चिन्हाची ओळख बदलेल असा फेरफार कायद्याने करता येत नाही. नवं चिन्ह म्हणजे नवा अर्ज, ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी, मग हरकतींसाठी चार महिने. वडिलांनी नाव आणि चित्र मिळून एकच लेबल नोंदवलं होतं. नाव वेगळं आणि चित्र वेगळं नोंदवलं तर पुढे मांडणी बदलायला मोकळीक राहते, हे या निमित्ताने वकिलांनी समजावलं. तसे दोन अर्ज आम्ही करून टाकले. हे काम रिब्रँडिंग करा न करा, प्रत्येक लहान व्यावसायिकाने करावं असं माझं ठाम मत आहे.

पण निर्णय खर्चावर झाला नाही. तो फोनवर झाला.

ऑर्डरचे फोन वहिनी घेतात. त्यांना मी सांगितलं, माणसं काय म्हणून माल मागतात ते जसंच्या तसं वहीत लिहा. जतच्या एका बाईंचा फोन आला, “ओ ताई, त्या पेवाच्या चित्राची हळद हाय न्हवं? लग्नाची हाय, चार किलो लागंल.” पुण्याचे एक काका म्हणाले, “तुमची ती पेववाली हळद आणि चटणी दोन्ही पाठवा.” दुकानाचं पूर्ण नाव फार थोड्यांनी घेतलं. ज्यांनी पेव कधी पाहिलंच नाही, तेही त्या चित्रावरून आम्हाला ओळखत होते. जे काढून टाकायला सांगितलं होतं, त्यावरच धंदा उभा होता. वहीत दुसरीही एक ओळ वारंवार दिसली : “वेबसाइटवरून मागवायला गेलो, जमलं नाही, म्हणून फोन केला.”

मग वेबसाइट नीट तपासली. २०११ साली केलेली. तेव्हा मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून त्याची चित्रं करून चढवायची पद्धत होती, आमचीही तशीच. माणसाला वाचता येतं, गूगलला त्यात एक अक्षर दिसत नाही. ‘सांगलीची राजापुरी हळद’ असं शोधणाऱ्याला आम्ही सापडणार कुठून? मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी. पत्त्याला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, नव्हती, त्यामुळे क्रोम ब्राउझर २०१८पासून तिथे ‘नॉट सिक्युअर’ (सुरक्षित नाही) दाखवायचा. पैसे भरायला सांगणाऱ्या पानावर हा शब्द वाचून माणूस पुढे जात नाही. पैसे भरायची सोय म्हणजे बँक खात्याचा क्रमांक, यूपीआय नाही.

इथे माझा निश्चय झाला. लोक आम्हाला ओळखतात, विश्वास ठेवतात, पण आमच्यापर्यंत पोचू शकत नाहीत, तर रस्ता दुरुस्त करायचा. लोक पोचतात पण आम्हाला भलतंच समजतात, तर नाव बदलायचं. यूटीआय बँकेने २००७मध्ये ॲक्सिस हे नाव घेतलं, कारण यूटीआय हे नाव तिचं स्वतःचं नव्हतं. तिथे दुसरा उपाय नव्हता. उलट अमेरिकेत ट्रॉपिकानाने २००९मध्ये रसाच्या खोक्यावरचं ओळखीचं संत्रं काढलं, दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. त्यांच्याकडे ते सोसायची ताकद होती. आमच्याकडे नाही.

वेबसाइटचं काम मिरजेच्या एका तरुणाकडे दिलं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तोच ठेवला. सगळा मजकूर गूगलला वाचता येईल अशा युनिकोड अक्षरांत, आम्ही घरच्यांनी बसून लिहिला : हळकुंड कसं निवडतो, कुठल्या हंगामाचा माल आहे, लग्नाच्या हळदीला किती लागते. पेवावर एक वेगळं पान केलं आणि आज सगळ्यात जास्त वेळ लोक त्याच पानावर थांबतात. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याचीही माहिती तिथे आहे. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवून घेतले, कारण कुणीतरी कधीतरी पाठवलेली लिंक मेली तर जुनं गिऱ्हाईक तुटतं. हे वळवणं कामाच्या कागदावर लिहून घ्या, पुष्कळदा राहून जातं. पिनकोड टाकला की कुरिअरचा खर्च दिसतो, यूपीआय चालतं, आणि व्हॉट्सॲपचं बटण आहे, कारण मोठी ऑर्डर देणारा माणूस आधी बोलतोच.

आता “जमलं नाही म्हणून फोन केला” असे फोन येत नाहीत. फोन येतात ते लग्नाचे आणि घाऊक मालाचे.

नावाचा प्रश्न मात्र संपलेला नाही. चटणीच्या पुड्यावर ‘हळद भांडार’ वाचून नवा माणूस अडखळतो, हे त्या संस्थेने बरोबर सांगितलं होतं. चटणीचे सिलिंडर झिजत आलेत, ते तसेही बदलायचेच आहेत. त्या पुड्यावर पेवाचं चित्र मोठं, आडनाव ठळक आणि ‘हळद भांडार’ मागच्या बाजूला, उत्पादकाच्या पत्त्यात, असा नमुना केलाय. हळदीचा पुडा जसाच्या तसा राहील. वहिनी तो नमुना सध्या रोजच्या दुकानदारांना दाखवताहेत आणि त्यांचं म्हणणं त्याच वहीत उतरवताहेत.